आतड्याची सूज समजावायला ग्राफपेपर आणि कात्री

माझ्या भाच्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार निघाला, तेव्हा घरच्यांनी सगळा दोष सावजीच्या रश्श्यावर टाकला. पोरगं महिनाभर अपराध्यासारखं तोंड करून फिरत होतं. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण हा आजार तिखटाने होत नाही. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, तरी नुसतं तोंडी सांगून त्याला पटेना. शेवटी सीताबर्डीहून ग्राफपेपर आणला. तुमच्या घरी कोणाला हा आजार असेल, तर त्याला शेजारी बसवून हे करा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. एक मिलिमीटर म्हणजे त्यातलं एक अमिनो आम्ल धरा. २६९ मिलिमीटरची पट्टी कापा, कागद पुरला नाही तर जोड द्या. हे इंटरल्युकिन-१ बीटा या सुजेचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं कच्चं रूप. पेशीत ते आधी तयार होतं, पण अख्खं असेपर्यंत सूज आणत नाही. एका टोकापासून ११६ वर लाल रेघ मारा. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं आणि कॅस्पेस-१ हे एन्झाइम, म्हणजे आपली कात्री, नेमकं त्याच्या पुढे कापतं. रेघेवर कापा. उरलेली १५३ ची पट्टी म्हणजे सुजेचा खरा निरोप.

आता थोडं मागे या. कात्रीची पाती दोऱ्याने बांधून दाखवा, कारण कॅस्पेससुद्धा आधी निजलेलंच असतं. जंतू किंवा इजा जाणवली की पेशीतली काही प्रथिनं एकत्र येऊन इन्फ्लेमासोम नावाचा सांगाडा उभा करतात. त्यावर ही निजलेली कॅस्पेसं शेजारी-शेजारी येतात आणि एकमेकांना कापून जागी होतात. म्हणजे या कात्रीचा दोरा दुसरी कात्रीच तोडते. इथे घाई करू नका, भाच्याला खरं कळलं ते इथेच.

एन्झाइम म्हटलं की कोणीतरी पचनाचं सिरप पुढे करतं. ती एन्झाइमं अन्न पचवणारी. ही कात्री पेशीची, तिचा त्या बाटलीशी संबंध नाही.

सुजेचा दुसरा निरोप म्हणजे टीएनएफ हे प्रथिन. त्यासाठी २३३ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या लागतील, कारण ते तिघांच्या गटानेच काम करतं. पुठ्ठ्याला चीर पाडा, तो पेशीचा पडदा. प्रत्येक पट्टीचा ३६ ते ५६ हा भाग रंगवून चिरेत अडकवा, १ ते ३५ आत राहू द्या. बाहेरच्या बाजूने ७६ वर कापा. इथली कात्री वेगळी, तिचं नाव टेस. १५७ चा तुकडा सुटतो आणि दूरवर सूज पसरवतो.

भाच्याने विचारलंच, "मावशी, मंग कात्रीच काहून बंद नाही करत?"

कारण आतड्याचं अस्तर भरून काढणारे निरोपही हीच टेस कापून सोडते. जन्मतः हे एन्झाइम नसलेल्या भावंडांची नोंद २०११ साली झाली, त्यांच्या त्वचेला आणि आतड्याला सूज होती. इन्फ्लिक्सिमॅब हे या आजारावरचं औषध कात्रीला हात लावत नाही. ते टीएनएफला धरतं, सुटलेल्यालाही आणि पडद्यात अडकलेल्यालाही.

मी कपडे वाळवायचे चिमटे पुढे केले. त्याने सुटलेल्या तुकड्यांना एकेक लावला. मग पुठ्ठ्यात एक नवी, न कापलेली पट्टी खोचली आणि तिलाही लावला.