हायवे ओलांडताना या चुका टाळा : एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचं ऐका

मी आयुष्यभर एसटी चालवली. काचेमागून जे बघायचो, तेच आता फाट्यावरच्या बाकड्यावर बसून बघतो. मुंबई-गोवा हायवेचा नंबर १७ चा ६६ झाला, दोन पदरांचे चार होत गेले, पण ओलांडणाऱ्यांच्या सवयी जुन्या रस्त्याच्याच राहिल्या. कुणाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: "काका, आम्ही लहानपणापासून इथूनच जातो."

सगळ्यात वाईट सवय म्हणजे एसटीतून उतरायचं आणि तिच्याच पुढून पलीकडे पळायचं. एकदा मृगाच्या पावसात फाट्यावर गाडी थांबवली. एक गृहस्थ उतरले. एका हातात छत्री, काखेत भाताच्या बियाण्याची पिशवी. उतरले ते माझ्या बंपरला घासूनच निघाले. उजव्या आरशात मला मागून येणारी कार दिसत होती. मी हॉर्न दाबून धरला, खिडकीतून हात बाहेर काढून थांबा म्हणून खुणावलं. त्यांना वाटलं, ड्रायव्हरला घाई झालीय. ते धावले. कारवाल्याने ब्रेक मारला, गाडी ओल्या रस्त्यावर घसरत आली आणि तिचा आरसा पिशवीला लागला. बियाणं रस्ताभर, छत्री गटारात, माणूस नशिबाने उभा. वर मलाच म्हणतो, "तुमी हॉर्न मारल्यात म्हणान मी धावलंय!"

कारवाल्याला एसटीची फक्त पाठ दिसते. माणूस एसटीच्या नाकापुढून अचानक बाहेर येतो. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. गाडीच्या मागून गेलात तरी दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा तोच प्रश्न. म्हणून उतरलात की रस्त्यापासून दोन पावलं आत उभे राहा, पिशव्या मोजा, एसटी जाऊ द्या. गाडी निघायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढाही धीर नसलेल्यांना घरी जाऊन कसली कामं असतात कोण जाणे.

दुसरी चूक, हात दाखवायचा आणि चालू पडायचं. हात दाखवला की गाडी थांबते, हा हिशेब एसटीपुरता ठीक आहे, तोही स्टॉपवर. ताशी ८० किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात २२ मीटर कापतं. दोन पदर आणि कडेची पट्टी धरून तुम्हाला आठ-नऊ मीटर चालायचं असतं. धडधाकट माणसालाही त्याला सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ते वाहन दीडशे मीटर पुढे येतं. गुडघे धरलेल्या आजीचे दहा सेकंद धरा, म्हणजे दोनशेच्या वर गेलं. त्यात रस्ता ओला, उतार आणि येणारा ट्रक चिऱ्यांनी भरलेला असेल, तर ड्रायव्हरने तुम्हाला बघितलं तरी त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. माझी सवय सांगतो. मी लांबची एक खूण धरतो, एखादी मोरी किंवा पाटी. गाडी त्या खुणेच्या अलीकडे आली असेल तर मी पाय टाकत नाही. जिथून अशी लांबची खूण दिसतच नाही, म्हणजे वळणावर किंवा चढाच्या माथ्याजवळ, तिथून ओलांडायचंच नाही.

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे बघायचं. चौपदरीवर दुभाजकापर्यंत गाड्या उजवीकडून येतात, तिथे थांबून पुढच्या अर्ध्यासाठी डावीकडे बघायचं. हे झालं नियमाचं. प्रत्यक्षात पेट्रोल वाचवायला उलट्या बाजूने येणारा एखादा बाइकवाला असतोच, तेव्हा दोन्ही वेळा दोन्हीकडे बघा.

दुभाजक फोडून केलेल्या वाटेने जाऊ नका. गावाची शाळा एका बाजूला आणि देऊळ दुसऱ्या बाजूला पडलं, ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण खाली अंडरपास असताना वरून उड्या मारणाऱ्या तरण्या पोरांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

झेब्रा पट्ट्यांवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे. तरी गाडी खरोखर थांबलीय हे बघा, मग निघा. एक थांबली म्हणून शेजारच्या पदरातलीही थांबेल असं नाही.

कानातली बटणं काढा. पावसात तर छत्रीवरच्या आवाजाने तसंही काही ऐकू येत नाही, आणि वाऱ्याला छत्री पुढे कलती धरली की दिसतही नाही. ओलांडताना ती सरळ वर धरा. भिजाल थोडे.

लहान मुलाचं बोट धरू नका, मनगट धरा. बोट सुटतं.

रात्री दशावतार बघून परतणारे घोळके काळ्या रेनकोटात, गाड्यांकडे पाठ करून चालतात. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक चाला. मोबाइलची बॅटरी पायाकडे धरा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मारू नका. रेनकोट घेताना पिवळा घ्या. काळा मळत नाही म्हणून घेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

राहिला गणपती. चतुर्थीला चाकरमानी रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेले असतात, आणि नेमके तेव्हाच आपण डोक्यावर मूर्ती घेऊन रस्त्यात. ज्याच्या डोक्यावर मूर्ती, त्याला मान वळवता येत नाही. त्याच्यासाठी बघायचं काम दुसऱ्यांचं. दोघांना बॅटरी देऊन दोन्ही बाजूंना बरेच लांब पाठवा. त्यांनी आपापल्या बाजूची गाडी थांबली असं ओरडून सांगितल्याशिवाय हलू नका. आणि तोवर भजन बंद ठेवा, नाहीतर ते ओरडणं ऐकू कसं येणार? पलीकडे पोचलात की पुन्हा टाळ कुटा.