सोनोग्राफीवर सीटी जुळवून यकृताची गाठ जाळताना

यकृतातील साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ पोट न उघडता, त्वचेतून सुई घालून मायक्रोवेव्ह किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने जाळता येते. अडचण अशी की, सीटीवर ठळक दिसलेली लहान गाठ सिरोसिसच्या (व्रणांमुळे यकृत कडक होण्याच्या आजाराच्या) खडबडीत यकृतात सोनोग्राफीवर पुष्कळदा ओळखूच येत नाही. अशा वेळी आधीचा सीटी किंवा एमआरआय सोनोग्राफीच्या चालू चित्रावर जुळवावा. यालाच फ्यूजन म्हणतात.

तयारी रुग्ण येण्याआधीच सुरू करावी. जत-आटपाडीकडून सांगली-मिरजेला येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत फिल्म आणि रिपोर्ट असला तरी तेवढ्यावर फ्यूजन होत नाही. म्हणून स्कॅन सेंटरमधून मूळ डायकॉम डेटाची (स्कॅनच्या संगणकीय चित्रफाइल्सची) सीडी आणण्यास नातेवाइकांना फोनवरच सांगावे. त्या डेटात १ ते ३ मिलिमीटरचे पातळ छेद असावेत आणि कॉन्ट्रास्टचे (शिरेतून दिलेल्या, रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीच्या औषधाचे) सर्व टप्पे असावेत, कारण यकृताचा मूळ कर्करोग बहुधा धमनीच्या टप्प्यात उजळतो आणि नंतरच्या टप्प्यात फिका पडतो. प्लेटलेट्स, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि पेसमेकरची चौकशी नेहमीप्रमाणे करावी.

टेबलावर चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे उपकरण रुग्णाच्या जवळ ठेवून प्रोबला (त्वचेवर फिरवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणाला) सेन्सर लावावा आणि आसपासची लोखंडी वस्तू दूर करावी. रुग्ण स्कॅनच्या वेळी उताणा असेल, तर येथेही शक्यतो उताणाच ठेवावा. प्रथम पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) जिथे दुभागते ती जागा दोन्ही चित्रांत जुळवावी.

खरी कसोटी श्वासाची आहे. सीटी बहुधा खोल श्वास रोखून काढलेला असतो, तर टेबलावर रुग्ण उथळ श्वास घेतो, आणि तेवढ्याने यकृत एक-दोन सेंटिमीटर सहज सरकते. “मामा, नेहमीसारखा श्वास घ्या, थोडा सोडा, आता थांबा,” असे सांगून, कोणत्या क्षणी दोन्ही चित्रे जुळतात ते आधी शोधावे. घाबरलेल्या रुग्णाकडून याचा दोन-तीनदा सराव करून घेण्यात गेलेला वेळ मी कधीच वाया गेलेला मानत नाही. त्यानंतर गाठीलगतच्या एखाद्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर पुन्हा बारीक जुळणी करावी आणि दुसऱ्याच एका वाहिनीवर ती तपासावी. तिथे चित्रे सरकलेली दिसली, तर पडद्यावरील गाठीच्या खुणेवर विसंबून सुई घालू नये, जुळणी नव्याने करावी.

सुईचे टोक प्रत्यक्ष सोनोग्राफीतच पाहावे. जाळणे सुरू होताच वायूचे बुडबुडे चित्र झाकतात, त्यामुळे एकाहून अधिक सुया किंवा जागा लागणार असतील, तर त्या आधीच ठरवाव्यात. गाठीभोवती सर्व बाजूंनी किमान ५ मिलिमीटर निरोगी ऊतक जळाले पाहिजे. शेजारी ३ मिलिमीटरहून मोठी रक्तवाहिनी असल्यास तिचे वाहते रक्त उष्णता ओढून घेते आणि गाठीची नेमकी तीच कड जिवंत राहू शकते. रेडिओफ्रिक्वेन्सीत हा धोका अधिक असतो.

शेवटी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करावा आणि तो आधीच्या सीटीवर जुळवून गाठीभोवतीची जळालेली ५ मिलिमीटरची कड चहूबाजूंनी मोजावी. ती कुठे अपुरी वाटल्यास शक्य तर त्याच बैठकीत तेवढा भाग पुन्हा जाळावा, आणि सुमारे महिन्याने होणाऱ्या तपासणीच्या स्कॅनचीही सीडीच आणण्यास घरी जाताना नातेवाइकांना सांगावे.