गोतावळा, गुहा आणि गोधड्या : उन्हाळी रोड ट्रिपमध्ये या चुका टाळा

शिकागोच्या उपनगरातून निघालो तेव्हा मिनीव्हॅनमध्ये सहा जण होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यापुरत्या भारतातून आलेल्या दोन विहिणी, म्हणजे माझी आई आणि सासूबाई. केंटकीत लुईव्हिलला मामेभावाकडे चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला सगळा गोतावळा जमणार होता, एकूण बावीस पानं. वाटेत दक्षिण इलिनॉयचं जंगल, केंटकीतल्याच पडूका गावाचं क्विल्टचं, म्हणजे इथल्या गोधड्यांचं म्युझियम, मग सगळ्यांबरोबर मॅमथ केव्ह ही गुहा. आणि मधे कुठे क्विल्टच्या कापडाचं दुकान दिसलं तर "फक्त दहा मिनिटं".

ही दहा मिनिटं म्हणजेच पहिली चूक. क्विल्टचं दुकान आणि साडीचं दुकान यात वेळेच्या बाबतीत काडीचा फरक नाही. रंगांच्या उतरंडीने उभे केलेले तागे, भिंतीवर टांगलेले नमुने, कापायच्या टेबलाशी रांग. तासाच्या आत कोणी बाहेर येत नाही. तेव्हा चोरून थांबू नका, कार्यक्रमातच लिहा: दिवसाला एक दुकान, दीड तास, तेवढ्यात नवरा आणि मुलं अमुक बागेत. मिझुरीतल्या हॅमिल्टनसारखं गाव असेल, जिथे मुख्य रस्त्यावरची कितीतरी दुकानं एकाच क्विल्ट कंपनीची आहेत, तर अख्खा दिवस द्या, नाहीतर तिकडे वळूच नका.

लहान गावातली ही दुकानं बहुधा रविवारी बंद असतात, काही सोमवारीही, शनिवारी लवकर मिटतात आणि चार जुलैच्या आठवड्यात मालकीणबाईही कुठल्यातरी गोतावळ्यात असतात. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, आदल्या दिवशी फोन करा. एका दुकानासाठी आम्ही चाळीस मैल वाकडी वाट केली आणि काचेतून कापड बघून परतलो. नवरा काही बोलला नाही. ते जास्त वाईट होतं.

घड्याळाचा घोळ

केंटकी राज्यात दोन वेळा चालतात. पडूका आणि मॅमथ केव्ह सेंट्रल वेळेत, लुईव्हिल ईस्टर्न वेळेत, एक तास पुढे. पडूकाहून सकाळी नऊला निघालो, साडेतीन तासांचा रस्ता, म्हणजे साडेबाराला आरामात जेवायला पोचू असा हिशेब. पोचलो तेव्हा तिथे दीड वाजून गेला होता, वहिनीने तळलेल्या पुऱ्या वाफ जाऊन चामट झाल्या होत्या आणि मामी "बसा, बसा, तुमच्यासाठीच थांबलोय" असं अशा आवाजात म्हणाली की आमरस घशाखाली उतरेना.

पुढे गुहेला जाताना हाच घोळ उलट बाजूने होतो, तासभर लवकर पोचता. त्यात नुकसान काही नाही, पण परतीच्या जेवणाची वेळ ठरवताना तो तास पुन्हा हातचा जातो. निरोप पाठवताना वेळेपुढे गावाचं नाव लिहा: "दीड, लुईव्हिलचे."

"जुना कपडा आणा" एवढंच सांगणे

माझी कल्पना चांगली होती, अजूनही आहे. प्रत्येक घराने एकेक जुना कपडा आणायचा, त्यातून कुटुंबाची एक गोधडी. आपल्याकडे गोधडी शिवायची ती घरातल्याच कपड्यांतून. वर ठिगळं, आत जुनी लुगडी-धोतरं, आणि कडेकडून आत सरकत जाणारा धावदोरा. दुकानातून नवं कापड आणून गोधडी शिवतात हे आईला इथे येऊन कळलं.

पण निरोपात मी "सुती" हा शब्द घातला नाही. आले काय, तर एक नायलॉनची साडी, तीन मॅरेथॉनचे टी-शर्ट, एक कांजीवरमचा फाटका पदर, भाच्याची पॉलिएस्टरची जर्सी आणि एकुलतं एक सुती धोतर. एकाच गोधडीत सुती, रेशमी आणि होजियरी शेजारी शेजारी शिवलं तर पहिल्या धुण्यात एक आक्रसतं, दुसरं फुगतं, तिसरं दोऱ्यापाशी विरतं.

तरी मार्ग आहे. टी-शर्ट कापायच्या आधीच त्याच्या मागे हलकं, इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा, म्हणजे ताणला जात नाही. रेशीम वेगळं काढून त्याची उशी करा. नायलॉन सरळ परत द्या. आणि जुन्या साडीची ताकद बघायची असेल तर आई करते तसं करा: दोन्ही अंगठे शेजारी ठेवून आडव्या धाग्यावर हलका ताण द्यायचा. चर्र झालं की ती आतल्या थरात. वर घ्यायची नाही.

नवं कापड धुवावंच लागतं, पण सगळं नाही

पडूकाला मी अडीच इंची पट्ट्यांची एक गुंडाळी घेतली होती. चाळीस पट्ट्या, चाळीस रंगछटा, कडा नागमोडी कापलेल्या. त्याला इथे जेली रोल म्हणतात. लुईव्हिलला दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सासूबाई धुण्याच्या मशीनपाशी. "अहो विहीणबाई, नवं कापड न धुता शिवायचं? खळ असते, रंग जातो," असं त्या आईला सांगत होत्या, आणि तत्त्व म्हणून ते शंभर टक्के खरं होतं. झाकण उघडलं तर आत शेवयांचा एक मोठा रंगीत गुंता. त्यातून एकेक पट्टी सोडवायला दोन्ही विहिणींना आणि मला अख्खी दुपार लागली. मुलांनी दोऱ्यांच्या मिशा लावून घेतल्या.

नियम असा: ताग्यावरून कापून घेतलेलं कापड जुन्या सुती कपड्यांबरोबर शिवायचं असेल तर आधी धुवा. जुनं आक्रसून झालेलं असतं, नव्याचं व्हायचं असतं. लाल आणि गडद निळं एकदा वेगळं भिजवून रंग जातो का बघा. पण आधीच कापलेल्या पट्ट्या आणि चौकोन कधीच धुवू नका. चूक झालीच तर मशीन बंद करा, ओल्या असतानाच सोडवा, ताणू नका, सपाट वाळवा, आणि दोन्ही कडा छाटून सगळ्या दोन इंची करून टाका. आमच्या चाळीसपैकी चौतीस वाचल्या.

मापाचंही इथेच सांगते. अमेरिकेत कापड यार्डात मिळतं, मीटरमध्ये नाही, आणि यार्ड म्हणजे आपला वारच, ३६ इंच. पन्हा साधारण ४२ ते ४४. पाव वार मागितलंत तर ९ इंचाची लांब पट्टी हातात पडेल. ठिगळांना सोयीचा १८ बाय २२ इंचाचा तुकडा हवा तर 'फॅट क्वार्टर' म्हणा. सगळ्यात जास्त विसरतं ते मागचं अस्तर. ६० बाय ८० इंचाच्या क्विल्टला, चारही बाजूंनी चार इंच जादा धरून, साध्या पन्ह्याचं पाच वार लागतं. १०८ इंची रुंद पन्ह्याचं घेतलंत तर दोन वारांत भागतं आणि मधे जोडही येत नाही. ते दुकानातच घ्या. घरी येऊन तोच रंग शोधणं हा वेगळा छळ आहे.

हात लावायचा की नाही

म्युझियममध्ये नाही. त्वचेचं तेल कापडाला लागतं. पडूकाचं नॅशनल क्विल्ट म्युझियम १९९१ मध्ये उघडलं, २०१३ मध्ये युनेस्कोने या गावाला हस्तकला आणि लोककलेसाठी आपल्या सर्जनशील शहरांत घेतलं. तिथे आजीच्या पांघरुणांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. भर आजच्या कलाकारांवर आहे, चित्रं असावीत अशा क्विल्ट. आई बराच वेळ एकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सगळं भिंतीवरच टांगायचं, तर पांघरायचं काय?"

दुकानातल्या नमुन्याला मात्र विचारून हात लावता येतो. आईने विचारलं नाही. तिने सरळ कड उलटी केली आणि मागचे टाके नखाने मोजायला लागली. मी ओशाळले. मालकीणबाई टेबलामागून आल्या, त्यांनी खुर्ची ओढली आणि आईसमोर आणखी दोन नमुने टाकले, पालथे. मागची बाजू बघणारी बाई कोण आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

रानात आणि गुहेत

दक्षिण इलिनॉयच्या शॉनी जंगलातलं गार्डन ऑफ द गॉड्स, म्हणजे तिथले खडक, सुरेख आहे, फरसबंद वाट छोटी, थोड्या चढउतारांची. पण फोनला रेंज यथातथाच आणि जवळ खायला काही नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या, डबा बरोबर ठेवा. जीपीएसने ओहायो नदीवरच्या केव्ह-इन-रॉकच्या फेरीबोटीने जायला सांगितलं तर जरूर जा, फुकट आहे आणि मुलांना आवडते. फक्त नदीला पाणी चढलं की ती बंद होते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

खरी भीती गोचिडांची. गवतावर गोधडी अंथरून बसलात तर घडी तशीच गाडीत टाकू नका. आधी झटका, मग मुक्कामी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं कोरडीच फिरवा. अंगावर गुडघ्यामागे, कमरेशी, केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चुना यांतलं काहीही नको, मामी काहीही म्हणो.

मॅमथ केव्हचं तिकीट जुलैत ऐनवेळी मिळेल या भरवशावर बावीस जणांना नेऊ नका. काही आठवडे आधी काढा, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमी पायऱ्यांची फेरी वेगळी निवडा. आत बारा महिने १२ अंश सेल्सियस असतं. बाहेर घाम, आत कुडकुड. बाबागाडी नेता येत नाही. सासूबाईंनी गाडीतून शाल आणली होती. बाकी एकवीस जण त्यांच्याकडे बघत होते.

परतीच्या विमानात आईच्या हातपिशवीत कापडाचा गोल पात्याचा कटर राहिला नाही ना, ते तेवढं बघा. तो चेक-इनच्या बॅगेत, पातं झाकून.

कुटुंबाच्या गोधडीची वरची बाजू आईने जाण्याआधी जोडून दिली. अस्तर घ्यायचं मात्र मीच विसरले होते, पाच वार. मामीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माझी जुनी नऊवारी आहे की. पाच घे, चार परत दे."