मॅलम्यूटचे केस उन्हाळ्यात भादरू नका
नाशिकची थंडी अलास्कन मॅलम्यूट कुत्र्याला मानवते, एप्रिल-मे मात्र सोसवत नाही. ओझ्याच्या स्लेज (बर्फावरच्या घसरगाड्या) ओढणारी ही जात; नर साधारण ३८ किलोचा, अंगावर केसांचे दोन थर. ‘बिचाऱ्याला उकडतंय’ म्हणून ते केस मुळापासून कापू नका. वरचा थर कातडीला उन्हापासून वाचवतो आणि कापल्यावर नीट परत येईलच असं नाही. त्याऐवजी आतली गळणारी लोकर रोज विंचरून काढा, वारा कातडीपर्यंत पोचतो. फिरवणं सूर्य वर यायच्या आत. निघताना डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. चटका बसला तर माघारी फिरा. जोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर लगेच अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टरांकडे न्या.