भाषांतर शिकताना भेटलेले इंग्रजी रंग

भाषांतराची कामं घ्यायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला. कंपनी 'बॅक इन द ब्लॅक' आहे, असं त्यात होतं. काळं म्हणजे वाईट, हे मनात इतकं पक्कं की 'कंपनी पुन्हा अडचणीत' असं मी लिहून टाकलं. अर्थ नेमका उलटा होता. तपासणाऱ्या ताईंनी समजावलं: हिशेबाच्या वह्यांत तुटीचे आकडे लाल शाईने लिहीत, बाकीचे काळ्या. म्हणून 'इन द रेड' तोट्यात आणि 'इन द ब्लॅक' नफ्यात.

तेव्हापासून रंग दिसला की मी आधी विचारते, हा रंग कशाचा? 'आउट ऑफ द ब्लू'मधला निळा आकाशाचा. निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं, ध्यानीमनी नसताना. 'ब्लॅक शीप' म्हणजे घराला बट्टा लावणारा; त्यातला काळा लोकरीचा; तिच्यावर दुसरा रंग चढत नाही, म्हणून भाव कमी. 'रेड टेप' सरकारी कागद बांधायची फीत, तीच आपली लालफीत. 'ब्लॅकमेल'चा टपालाशी काही संबंध नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून खंडणी उकळत, तिचं हे नाव; 'मेल' हा तिकडचा खंडासाठीचा, म्हणजे जमिनीच्या भाड्यासाठीचा, जुना शब्द.

खरी अडचण येते ती मराठीत त्याच रंगाला वेगळा वास असतो तेव्हा. नव्या माणसाला इंग्रजीत 'ग्रीन' म्हणतात, म्हणजे अजून कच्चा, नवखा. आपल्याकडे 'हिरवट' म्हटलं की माणसाच्या नजरेवरच संशय! अश्लील सिनेमा त्यांच्याकडे 'ब्लू', आपल्याकडे पुस्तकं पिवळी; आणि त्यांचा 'यलो' म्हणजे भित्रा. अशा ठिकाणी रंग खुशाल सोडून द्या, अर्थ धरा. कधी मात्र दोन्ही भाषा एकाच जागी येतात. 'इन ब्लॅक अँड व्हाइट' म्हणजे लेखी, आणि आपणही पांढऱ्यावर काळं करतोच. अशी जोडी सापडली की मला अजूनही फार आनंद होतो.

एक वही मात्र जरूर ठेवा. तिच्यात नुसता वाक्प्रचार नको, तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. 'ग्रीन' नवखा आहे की मत्सराने जळतोय, हे शेजारचे शब्दच सांगतात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं 'ब्लू'ने घेतली आहेत: एकीकडे उदास, दुसरीकडे खानदानी रक्ताचा, तिसरीकडे पक्का निष्ठावंत.