ग्रीक नाटकावर रिसर्च करायचाय? आधी विषय बारीक करा

नागपुरात बसून ग्रीक नाटकावर पीएचडी होते का, असं एमएची पोरं विचारत असतात. होते ना भाऊ, काऊन नाही होणार. फक्त 'ग्रीक शोकांतिकेचा मराठी रंगभूमीवरील प्रभाव' असला अवाढव्य विषय घेऊन गाइडकडे जाऊ नका. एक नाटक घ्या, त्यातला एक उतारा घ्या आणि नंतरच्या लोकांनी त्याचं काय केलं तेवढंच पाहा.

आता सोफोक्लीसचं 'अँटिगनी' घ्या, इसवी सनपूर्व 441 च्या आसपासचं, ओळी 904 ते 920. अँटिगनीचे दोन भाऊ एकमेकांशी लढून मेले, राजा क्रेऑननं एकाला थाटात पुरलं आणि दुसऱ्याला पुरायला बंदी केली; ती मोडून तिनं त्याला माती दिली म्हणून पोरगी मरायला निघालीय आणि म्हणते, नवरा किंवा लेकरू असतं तर मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळेल, लेकरू दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणू? असाच युक्तिवाद ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसमध्ये एका पर्शियन बाईच्या तोंडी आहे. जर्मन कवी गटेला नाटकातला हा भाग एवढा खटकला की कोणी पंडितानं तो प्रक्षिप्त, म्हणजे मागून कोणी घुसवलेला, ठरवला तर बरं, असं तो 1827 मध्ये बोलून गेला. पण ॲरिस्टॉटल त्याचा दाखला देतो, म्हणजे भर असलीच तरी फारच जुनी. मग या 1944 वर, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, फ्रेंच नाटककार आनुईचं 'अँटिगनी'. तिथं क्रेऑन तिला सरळ सांगतो की दोन्ही प्रेतांचा चेंदामेंदा झालता, वाजतगाजत पुरलेला भाऊ कोणता आणि बाहेर सडतोय तो कोणता हे मलाच माहीत नाही. घ्या, ज्याच्यासाठी मरून राहिली तो हाच का याचाच पत्ता नाही! एवढ्यावर अख्खा चॅप्टर निघतो.

मूळ ग्रीक आणि जेबचं जुनं इंग्रजी भाषांतर पर्सियस डिजिटल लायब्ररीवर फुकट आहे, पण जेबची इंग्रजी फार जुनाट, शेजारी एखादं नवं भाषांतर ठेवाच. संदर्भ देताना पान नाही, ओळ नंबर. कुठं कधी प्रयोग झाले हे ऑक्सफर्डच्या ग्रीक-रोमन नाट्यप्रयोगांच्या डेटाबेसमध्ये सापडतं, आणि तुमचा विषय आधी कोणी करून बसलाय का ते शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, बघून घ्या.

मराठीकडे यायचं तर पुलंचं 'राजा ओयदिपौस' आहेच, सोफोक्लीसच्याच 'ईडिपस'वरून केलेलं. रूपांतर कोणतंही असो, लेखकासमोर कोणतं भाषांतर होतं हे आधी हुडका, नाहीतर भाषांतरकाराची करामत रूपांतरकाराच्या नावावर जाते. जुनी परीक्षणं, प्रयोगाची पत्रकं यासाठी सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघात चौकशी करा, आणि नाटकात काम केलेले कोणी म्हातारे कलाकार भेटले तर फोनवर रेकॉर्डिंग करा, परवानगी घेऊन, आणि त्यांनी सांगितलेली तारीख पेपरच्या जाहिरातीशी ताडल्याशिवाय थिसिसमध्ये टाकू नका बाप्पा.