पीसीवर आरपीजी बनवली, मग कन्सोलवर न्यायला गेलो

नवीन लोक नेहमी विचारतात, पहिली आरपीजी, म्हणजे पात्र घेऊन कथा खेळायचा रोल-प्लेइंग गेम, पीसीसाठी करू का कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या एक्सबॉक्ससारख्या गेमिंग मशीनसाठी. माझं मत, आधी पीसीवरच काढा, पण कंट्रोलर पहिल्या दिवसापासून जोडलेला ठेवा. मी नाही ठेवला आणि नंतर सहा महिने नुसत्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खेळाडूच्या सामानाच्या स्क्रीनमध्ये, गेले.

झालं असं की आमच्याकडे बॅगेची मोठी ग्रिड (चौकटींची जाळी) होती, वस्तूवर माउस नेला की माहिती दिसायची, ओढून टाकली की तलवार हातात. पीसीवर एकदम झकास. कंट्रोलरवर होव्हर (नुसतं वर नेणं) नाही, ड्रॅग (ओढणं) नाही, खाली दाबलं की फोकस, म्हणजे निवड, कुठे जाणार हे प्रत्येक स्क्रीनला बसून ठरवायचं, त्यात टीव्ही आठ-दहा फुटांवर, आमचा बारीक फॉन्ट कुणाला वाचताच येईना. शेवटी ग्रिड काढून साधी यादी केली, आणि पीसीवाल्यांनाही तीच आवडली! दुखणं जुनंच आहे म्हणा, १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टने विझर्ड्री-अल्टिमा या जुन्या कॉम्प्युटर आरपीजींचा कीबोर्डवाला पसारा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलच्या कंट्रोलरवर बसवला तो मेनू करूनच.

पण आरपीजीचं खरं मरण म्हणजे सेव्ह. कुठली पेटी उघडली, कोण मेलं, कुठला क्वेस्ट (कामगिरी) अर्धवट, सगळं लक्षात ठेवायचं, म्हणजे खेळ जितका लांबतो तितकी फाईल फुगते, आणि कन्सोलवर सेव्हला जागा मोजून मिळते. त्यात लिहिता लिहिता कुणी प्लग काढला तर चाळीस तासांचा खेळ गेला, म्हणून आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहा, नीट लिहिली गेली ना बघा, मगच जुनी बदला. फाईलमध्ये व्हर्जन नंबरही टाका, पुढच्या पॅचला जुने सेव्ह उघडले नाहीत तर लोक सोडत नाहीत.

सर्टिफिकेशन, म्हणजे गेम विकायच्या आधी कन्सोल कंपनी करते ती तपासणी, हा प्रकार पीसीवाल्यांना माहीतच नसतो. आमचा बिल्ड (गेमची तयार प्रत) एकदा परत आला तो कशावरून, तर संवाद चालू असताना कंट्रोलरचा संपर्क तुटला तरी गेम थांबत नव्हता. लढाईत थांबायचा, संवादात तपासलंच नव्हतं कुणी. पीसीवर असला बग सापडला की संध्याकाळी पॅच टाकून मोकळे, कन्सोलवर पॅचही तपासणीतून जातो.

मेमरीचं म्हणाल तर पीसीवर कोणाकडे काय मशीन असेल सांगता येत नाही, कन्सोलवर आकडा ठरलेला पण पळवाट नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्सला १६ जीबी, एसला १०, आणि गेम दोन्हीवर चालायला हवा. बाल्डर्स गेट ३ ही मोठी आरपीजी पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आली, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, तीही एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय) सोडून. एवढ्या मोठ्या टीमची ही गत, तर आपण टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं, ती मेमरी खातात) टाकताना जरा हात आखडताच घ्यावा.

सुरुवातीचा खर्च बघाल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेममागे १०० डॉलर भरले की झालं. कन्सोलला आधी डेव्हलपर म्हणून मंजुरी, मग डेव्हकिट (गेम बनवून तपासायचं खास कन्सोल), आणि गुप्ततेच्या करारामुळे अडलं तर उघडपणे कुणाला विचारताही येत नाही. गोडो हे गेम बनवायचं इंजिन (तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अजून एक, ते ओपन सोर्स असल्याने कन्सोलचा कोड त्यात नसतो, पोर्ट (कन्सोलवर चालणारी आवृत्ती) स्वतः करावा लागतो नाहीतर दुसऱ्या कंपनीकडून करून घ्यावा लागतो, तेव्हा इंजिन निवडतानाच हे बघून ठेवा.